पहिला क्रमांक आणि बारा वर्षांचा हिशेब

मेलबर्न क्रिकेट ग्राउंड आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. पण हिवाळा लागला की त्या मैदानावर लंबगोल चेंडू, चार-चार गोलखांब आणि दोन्ही बाजूंचे 18-18 खेळाडू दिसतात. हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. या खेळाच्या राष्ट्रीय लीगमध्ये 18 क्लब आहेत आणि त्यांना नवे खेळाडू मिळतात ते मुख्यतः ड्राफ्टमधून. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्याला इथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो, तो म्हणजे पैशाची बोली नसते. मोसमात सर्वांत शेवटी राहिलेला क्लब निवडीला सर्वांत आधी येतो, विजेता सर्वांत शेवटी. नुकती शाळा संपवणारी, अठराव्या वर्षातली मुले एकेक करून निवडली जातात आणि कोण कितव्या क्रमांकावर गेला हे त्या मुलाच्या नावाला कायमचे चिकटते. क्लबचे धोरण चांगले की वाईट हेही लोक याच क्रमांकांवरून ठरवतात. तिथेच गफलत होते. मेलबर्न फुटबॉल क्लबची 2008 ते 2021 या काळातली वाटचाल नीट पाहिली तर ही गफलत कुठे होते हे स्पष्ट कळते.

शेवटच्या क्रमांकावर राहा, सर्वोत्तम मुले उचला, चार-पाच वर्षे थांबा, की विजेतेपद दारात येते, हा समज सर्वांत खोल रुजलेला आहे. मेलबर्नने 2008 मध्ये 22 पैकी फक्त तीन सामने जिंकले, 2009 मध्ये चार. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सलग दोन मोसम पाचपेक्षा कमी विजय मिळवणाऱ्या क्लबला पहिल्या फेरीआधीच एक जादा निवड मिळायची. 2008 मध्ये तळाला राहिल्याने जॅक वॉट्स पहिल्या क्रमांकाने आला आणि या जादा निवडीमुळे 2009 मध्ये पहिला टॉम स्कली, दुसरा जॅक ट्रेंगोव्ह, असे दोघेही मेलबर्नकडेच आले. देशातल्या सर्वोत्तम मानल्या गेलेल्या मुलांपैकी तिघे एका क्लबात! पुढे काय झाले? जुलै 2011 मध्ये जीलाँगने मेलबर्नला 186 गुणांनी हरवले आणि प्रशिक्षक डीन बेली यांची नोकरी गेली. त्याच वर्षाअखेर स्कली नव्याने स्थापन झालेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे निघून गेला. 2013 च्या मोसमात क्लबला अवघे दोन विजय मिळाले. आधीचे सामने मुद्दाम हरल्याच्या संशयावरून लीगने चौकशी केली. तो आरोप सिद्ध झाला नाही, तरी क्लबला पाच लाख डॉलरचा दंड झाला. कार्लटनचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. 2005, 2006 आणि 2007 अशी सलग तीन वर्षे पहिला क्रमांक त्यांच्याकडे होता. मार्क मर्फी, ब्राइस गिब्स, मॅथ्यू क्रूझर हे तिघेही खरोखर चांगले खेळाडू निघाले, पण कार्लटनचे शेवटचे विजेतेपद आजही 1995 चेच आहे.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि म्हणतात, निवडणाऱ्यांची नजरच वाईट होती. वॉट्सच्या जागी निक नाइटनुई घ्यायला हवा होता. 2009 मध्ये ट्रेंगोव्हनंतर लगेच तिसऱ्या क्रमांकावर डस्टिन मार्टिन उपलब्ध होता, तो रिचमंडकडे गेला आणि त्यांच्या तीन विजेतेपदांचा कणा बनला. हे बोलायला सोपे आहे, पण निर्णयाचे मूल्यमापन त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवर व्हायला हवे. त्या वर्षी स्कली आणि ट्रेंगोव्ह हे सर्वसाधारणपणे सगळ्यांच्याच यादीत वर होते. मेलबर्नने काही जगावेगळे केले नव्हते. चूक शोधायची तर ती निवडीच्या दिवसानंतर शोधावी लागते. वॉट्सला पदार्पण करायला लावले ते जून 2009 मध्ये, कॉलिंगवूडविरुद्ध, वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या सामन्यांपैकी एकात, आणि तेव्हा तो अजून बारावीत शिकत होता. ट्रेंगोव्हच्या खांद्यावर विसाव्या वर्षी सहकर्णधारपद आले. पुढे पायाच्या हाडाच्या दुखापतीने त्याच्या कारकिर्दीचा मोठा भाग खाल्ला. आणि या मुलांना आधार द्यायला मैदानात उभे राहू शकतील अशा जुन्या खेळाडूंना क्लबने एकापाठोपाठ एक निरोप दिला. 2010 अखेर कर्णधार जेम्स मॅकडोनाल्ड गेला. त्याचे काय झाले ते मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत बोलके वाटते. तरुण मुलांनी भरलेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीने 2012 मध्ये त्याच मॅकडोनाल्डला पुन्हा मैदानात उतरवले, कारण मुलांच्या शेजारी जाणता माणूस हवा हे त्यांना कळले होते. जो आधार मेलबर्नने सोडला, तो दुसऱ्या क्लबने उचलला, आणि स्कलीही तिथेच होता.

याच 2009 च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्नने 34 व्या क्रमांकावर मॅक्स गॉन नावाचा एक उंच मुलगा घेतला होता. गुडघ्याच्या गंभीर दुखापतींनी त्याची सुरुवातीची वर्षे वाया गेली; पहिला सामना मिळायला 2011 उजाडले आणि वर्षाच्या सर्वोत्तम संघात तो पहिल्यांदा निवडला गेला 2016 मध्ये. 2021 मध्ये मेलबर्नने 57 वर्षांनी विजेतेपद मिळवले तेव्हा तोच कर्णधार होता. आता सांगा, 2009 चा ड्राफ्ट यशस्वी की अयशस्वी? 2012 मध्ये कुणीही त्याला नापासच केले असते. बारा वर्षांनी त्याच यादीतून कर्णधार आणि संघाचा मुख्य आधार निघाला. अठराव्या वर्षी मिळालेला क्रमांक ही एक शक्यता असते. ती शक्यता प्रत्यक्षात उतरते की नाही हे ठरवायला तीन वर्षे पुरत नाहीत, आणि उंच खेळाडूंच्या बाबतीत तर मुळीच नाहीत, कारण त्यांचे शरीर या झटापटीच्या खेळासाठी तयार व्हायला जास्त काळ लागतो. ड्राफ्टच्या दुसऱ्याच दिवशी क्लबांना गुण देणारे लेख छापून येतात. त्यांनी वाचकांची उत्सुकता भागते, पण मूल्यमापन म्हणून त्यांना काही किंमत देता येत नाही.

मात्र गॉनचे उदाहरण दाखवून ‘सगळा जुगारच आहे, क्रमांकांना काही अर्थ नाही’ असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. लीगने 2015 मध्ये क्रमांकांना गुणमूल्ये दिली, ती आधीच्या वर्षांत त्या-त्या क्रमांकाच्या खेळाडूंना मिळालेल्या मानधनाचा अभ्यास करून. त्यात पहिल्या क्रमांकाला 3000 गुण होते, दुसऱ्याला 2517 आणि दहाव्याला फक्त 1395. म्हणजे पहिल्या दहांतच मूल्य निम्म्याहून खाली घसरते. सरासरी काढली तर वरचा क्रमांक निश्चितच मोलाचा असतो. अडचण अशी की क्लबाला सरासरी मिळत नाही, एक माणूस मिळतो, आणि एका माणसाच्या बाबतीत गुडघा, घर, स्वभाव, प्रशिक्षक यांपैकी काहीही त्या सरासरीला खोटे पाडू शकते. म्हणून एकाच वरच्या क्रमांकावर सगळी आशा लावणाऱ्या क्लबापेक्षा तीस-चाळीस क्रमांकांपर्यंत सातत्याने चांगली मुले शोधणारा क्लब अधिक सुरक्षित असतो. जीलाँगने टॉम स्टुअर्ट घेतला तो 2016 मध्ये चाळिसाव्या क्रमांकावर, वयाने मोठा झालेला. हॉथॉर्नचा सॅम मिचेल 2001 मध्ये 36 व्या क्रमांकावर आला. मेलबर्नने बेली फ्रिट्श 2017 मध्ये 31 व्या क्रमांकावर घेतला आणि 2021 च्या अंतिम सामन्यात त्याने सहा गोल केले.

आणखी एक गोष्ट हिशेबातून सुटते. क्रमांक हा नुसता मुलगा निवडण्याचा हक्क नसतो, तो चलनासारखा हातोहात फिरतो. मेलबर्नचा बचावपटू जेम्स फ्रॉली 2014 अखेर करार संपवून हॉथॉर्नला गेला. त्याची भरपाई म्हणून मिळालेल्या तिसऱ्या क्रमांकावर अँगस ब्रेशॉ आला, आणि त्याच्या आधी, क्लबाच्या स्वतःच्या दुसऱ्या क्रमांकावर, क्रिश्चन पेट्राका. जेसी होगनची साखळी तर याहून लांब आहे. 2012 मध्ये 3 आणि 13 हे क्रमांक देऊन मेलबर्नने होगनला मिळवले. 2015 मध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला. 2018 मध्ये तो फ्रीमँटलला गेला आणि बदल्यात इतर गोष्टींबरोबर सहावा क्रमांक मिळाला. तो क्रमांक गोल्ड कोस्टला देऊन मेलबर्नने स्टीव्हन मे घेतला, जो विजेत्या संघाच्या बचावाचा आधारस्तंभ ठरला. होगनने मेलबर्नला विजेतेपद मिळवून दिले नाही, म्हणून ती निवड फसली असे म्हणणारा माणूस साखळीच्या मधल्याच कडीवर थांबलेला असतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. पेट्राका दुसरा, ब्रेशॉ तिसरा, 2015 चा क्लेटन ऑलिव्हर चौथा, 2019 चा ल्यूक जॅक्सन तिसरा: हे सगळे वरचेच क्रमांक. मग शेवटी तळाला राहण्याचाच फायदा झाला ना? फायदा झाला, हे मान्य. पेट्राका 2021 च्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू होता, 39 वेळा चेंडू त्याच्या वाट्याला आला, आणि मेलबर्नने वेस्टर्न बुलडॉग्जला 140–66 असे हरवले. पण वॉट्स आणि स्कली यांच्याकडेही वरचेच क्रमांक होते. क्रमांक सारखा आणि परिणाम वेगळा असेल, तर फरक दुसरीकडे शोधला पाहिजे. 2013 नंतर क्लबाच्या कारभारात नवी माणसे आली, पॉल रूस यांनी 2014 पासून तीन मोसम प्रशिक्षकपद सांभाळले आणि आधी बचाव शिकवला. बर्नी विन्स, डॅनियल क्रॉस, पुढे जॉर्डन लुइस अशी इतर क्लबांतली अनुभवी माणसे आणली गेली. पेट्राकाच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा 2015 चा संपूर्ण मोसम गेला, तरी त्याला घाईने मैदानात ढकलले नाही. तीच वेळ 2009 मध्ये आली असती तर काय झाले असते, याचा अंदाज वॉट्सच्या पदार्पणावरून बांधता येतो.

त्यामुळे क्लबाच्या तरुण निवडीचे मोल करताना मी चार प्रश्न विचारीन, आणि ते याच क्रमाने. त्या दिवशीच्या सर्वसाधारण मतापासून क्लब कुठे वेगळा गेला आणि तिथे तो बरोबर ठरला का? ऑलिव्हर घेतला तेव्हा बहुतेकांचे लक्ष डार्सी पॅरिशकडे होते, त्यामुळे ही निवड निवडकर्त्यांच्या खात्यात खरोखर जमा करता येते. घेतलेला मुलगा क्लबात किती वर्षे टिकला? त्याला सुधारायला कोण होते? आणि तो गेला, तर त्याच्या बदल्यात काय आले? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा सर्वांत उशिरा मिळते. गॉन असताना आणखी एक उंच खेळाडू कशाला, असा प्रश्न जॅक्सनच्या निवडीवर विचारला गेला होता. 2021 मध्ये तो वर्षाचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि विजेत्या संघात खेळला. 2022 अखेर तो घरी, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला परतला, आणि मेलबर्नच्या हाती पुन्हा ड्राफ्टचे क्रमांक आले. त्या क्रमांकांवर आलेल्या मुलांची वये पाहता, जॅक्सनच्या निवडीचा हिशेब अजून पाच-सहा वर्षे तरी मिटवता येणार नाही.