देहातील पाट

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठी जुनी फडपद्धती आहे. नदीला बंधारा घालून तिचे पाणी पाटाने शेतोशेती नेतात. पाण्याचा जोर फार वाढला, तर पाटाचे काठ ढासळतात. गाळ साचला, तर शेवटच्या शेतातील पीक वाळते. म्हणून पाटकरी पाटावर नित्य नजर ठेवतो.

मुलांनो, आपल्या देहातही असे पाट आहेत. त्यांना रक्तवाहिन्या म्हणतात. हृदय दर मिनिटास सुमारे ७२ वेळा आकुंचन पावून त्यांत रक्त ढकलते. रक्ताचा वाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा जोर म्हणजे रक्तदाब. तो दीर्घकाळ वाढलेला राहिला, की भिंती कठीण होतात, त्यांत मेद साचतो आणि वाट अरुंद होते. मग हृदयाला किंवा मेंदूला पुरेसे रक्त मिळेनासे होते. नवल असे की, तोवर रोग्याला बहुधा काहीच दुखतखुपत नाही.

या मुक्या रोगावर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी संशोधन केले. सर्पगंधा या झुडपाचे मूळ आपल्या वैद्यांना पूर्वापार ठाऊक होते. त्याने रक्तदाब उतरतो, असे कोलकात्याच्या दोन वैद्यकतज्ज्ञांनी १९३१ साली लिहिलेही होते. परंतु गुण येतो असे सांगणे निराळे आणि तो मोजून दाखविणे निराळे. डॉ. वकील यांनी रुग्णांना ते मूळ दिले, त्यांचा रक्तदाब मोजला, आकडे टिपले आणि १९४९ साली ते ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे या औषधाने काही रुग्णांचे मन खिन्न होते, असे आढळले. आज बहुधा दुसरी औषधे देतात. शास्त्र गुणांप्रमाणे दोषही मोजते.

आता वाहिन्यांत विशिष्ट द्रव सोडून क्ष-किरणांनी त्यांचे चित्र घेता येते. अरुंद झालेली जागा त्यात स्पष्ट दिसते. पण तेव्हा गाळ साचून चुकलेला असतो. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणे हे काम दोन मिनिटांचे. ते धोक्याची सूचना आधीच देते. आजोबा त्याचा कंटाळा करू लागले, तर त्यांना पांझरेच्या पाटकऱ्याची आठवण द्या. काठ फुटण्याची वाट पाहत तो घरी बसत नाही.