एकशे एकावा दिवस

काही वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. चिचगडजवळच्या एका गावात बोडीतला गाळ काढण्याचं काम सुरू होतं. धान केव्हाच घरात आलेलं, तेंदूपत्त्याला अजून अवकाश. इकडे कामाची खरी निकड असते ती या मधल्या दिवसांत. घमेलं खाली ठेवत एक बाई म्हणाल्या, ‘‘आता चारच दिवस राहिले जी. सासूचे अन् माझे मिळून शंभर.’’

सासू-सुनेत मिळून शंभर! हा हिशेब मला बोचला. वि. स. पागे यांनी 1965 साली सांगली जिल्ह्यात विसापूरला ज्या कल्पनेचा प्रयोग केला, तिच्यात तो नव्हता. 1972च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. काम मागेल त्या प्रत्येक प्रौढाला काम. दिवसांची मर्यादा नाही. पैसा कुठून आला? वाचकहो, 1975 पासून तुमच्या-आमच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून. शहराने खेड्याचं देणं लागावं, हे तेव्हा कायद्यातच लिहिलं गेलं.

युरोपात उलट घडलं. जर्मनीने 1889 साली वृद्धापकाळाचा विमा आणला तो सत्तरी गाठणाऱ्या कामगारांसाठी. 1916 साली वयाची अट पासष्टवर आली. ब्रिटनने 1908च्या कायद्याने सत्तरीच्या गरिबांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग दिले, आणि तिथेही पुढे वय उतरलं. आरंभ कंजूष, मग हात सैल. आमची हमी मात्र देशभर पसरली आणि पसरताना आखडली. 2005चा केंद्रीय कायदा 2 फेब्रुवारी 2006 रोजी पहिल्या दोनशे जिल्ह्यांत लागू झाला, त्यात गोंदियाही होता. पण माणसाऐवजी कुटुंब आलं आणि शंभर दिवसांचं कुंपण. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस सव्वाशे झाले, पण खर्चाचा 40 टक्के भार महाराष्ट्रासारख्या राज्यांवर आला, आणि शेतीच्या हंगामात साठ दिवस काम थांबवण्याची मुभाही.

गंमत अशी, की 2006 साली महाराष्ट्राने आपला कायदा मोडला नव्हता, दुरुस्त केला होता. शंभर दिवसांपर्यंत पैसा केंद्राचा, त्यापुढे राज्याचा. म्हणजे एकशे एकाव्या दिवशीही त्या बाईंचा हक्क शाबूत होता. मी तसं सांगितलं.

‘‘मंग आमाले शंभरच काऊन सांगते?’’ त्यांनी विचारलं.

तेवढ्यात मुकादमाने हजेरीला हाक मारली. त्या घमेलं उचलून पाळीकडे गेल्या.