कुडपणची कुसर, मुंबईची खिडकी

मे महिन्यात पोलादपूरहून कुडपणच्या घाटरस्त्याला लागलं, की एखाद्या वळणावर गोड, दाट वास येतो. करवंदाच्या जाळीवरून पांढरी फुलं लोंबत असतात. ही कुसर, कुणी तिला रानमोगराही म्हणतं. सुट्टीला आलेल्या चाकरमान्याला तिची फांदी पिशवीत घालून न्यायचा मोह होतो. ती फांदी खिडकीत रुजू शकते आणि फुलूही शकते, पण त्यासाठी डोंगरातले तिचे वर्षाचे दिवस समजून घ्यायला हवेत.

ओळख

कुसर ही जाई-जुईचीच बहीण. रॉबर्ट वाइट या वनस्पतितज्ज्ञाने तिला जॅस्मिनम मलबारिकम हे नाव दिलं. तिचं पान साधं, रुंद आणि समोरासमोर येतं. फुलाला सहा ते दहा अरुंद पाकळ्या असतात. जाईचं पान पिसासारखं, अनेक पानोळ्यांचं असतं, तर जुईच्या पानाच्या देठाशी दोन इवले कान दिसतात. जागा लहान असेल तर जुईच बरी, कारण कुसर फार पसरते.

फांदी कधी घ्यायची

मे महिन्यात तोडलेली फांदी प्रवासातच वाळते. मृग लागल्यावर घ्यावी. पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची, वीतभर. खालचा डोळा मातीत जाऊ द्यावा. त्याहून खात्रीचं म्हणजे दाब कलम. जमिनीलगतची फांदी वाकवून तिला खालून हलकी चीर द्यायची, त्यावर माती आणि एक दगड ठेवायचा. दोनेक महिन्यांत मुळं फुटतात, मग तोडून न्यायची. रानातली वेल मुळासकट उपटू नये. गावातल्या कुणाच्या कुंपणावर असेल तर विचारून घ्यावी.

कुंडी आणि ऊन

बारा इंची कुंडी, तळाला भोक, त्यावर खापरीचा तुकडा. तांबडी माती दोन वाटे, कुजलेलं शेणखत एक वाटा, भाताचं तूस किंवा वाळू एक वाटा. पोलादपूरच्या डोंगरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी उतारावर पाणी थांबत नाही. मुळांना तेच हवं असतं.

रोज चार-पाच तास थेट ऊन मिळालंच पाहिजे. काचेआड, खोलीच्या कोपऱ्यात वेल हिरवी राहते, फुलत नाही. ग्रिलला सुतळी बांधून वर चढवावी.

ताण

खरी गोम इथे आहे. पहिली दोन वर्षं मी रोज पाणी घातलं. पानं भरभरून आली, कळी एक नाही. डोंगरात पाऊस थांबल्यावर माती हळूहळू कोरडी होते, थंडी पडते, वेल थबकते आणि मार्च ते मे बहरते. बागायतदार यालाच ताण देणं म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी निम्म्यावर आणावं. वरची दोन बोटं माती कोरडी झाली की मगच घालावं, पण वेल मलूल पडू देऊ नये. फेब्रुवारीत माती हलकी उकरून मूठभर शेणखत घालावं आणि पाणी वाढवावं.

फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणीही हवी. मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर, जुई जानेवारीअखेर छाटण्याची पद्धत आहे. कुसर मात्र मी बहर ओसरल्यावर, पावसाच्या तोंडावर छाटते. म्हणजे पावसाळ्याची फूट तिला पुरेपूर मिळते.

कीड

उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी येतो. पानं फिकट, ठिपकेदार दिसली की खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारावा. कळ्या पोखरलेल्या दिसल्या तर त्या काढून टाकाव्यात आणि लिटरला पाच मिलि कडुनिंबाचं तेल, थोड्या साबणाबरोबर फवारावं.

वास

जाई-जुईच्या कळ्या तिन्हीसांजेला उमलतात. या कुळातली फुलं खुडल्यावरही काही तास वास तयार करत राहतात. म्हणून उमललेलं फूल नको, टपोरी मिटलेली कळी घ्यावी. संध्याकाळी दहा-बारा कळ्या वाटीत ओल्या फडक्यावर ठेवल्या, तर दिवे मालवेपर्यंत त्या एकेक करून उघडतात आणि खोलीत कुडपणच्या वळणावरचा तो दाट वास पसरतो.