लोणचं मुरतं म्हणजे नेमकं काय होतं?

मे महिना सरत आला की सटाण्याच्या बाजारात कैऱ्यांचे ढीग लागतात आणि कैरी फोडून देणाऱ्यांभोवती गर्दी होते. बागलाणची ओळख द्राक्षं, डाळिंब आणि कांद्याची असली, तरी मृगाचा पाऊस पडण्याआधी घराघरांत घाई असते ती लोणच्याची. बरणीला दादरा बांधला की उरतं फक्त थांबणं. पहिल्या दिवशी खारट, कडवट आणि नाकात जाणारं हे मिश्रण महिन्याभरानंतर बोटं चाटायला लावतं. मधल्या काळात बरणीत बरंच काही घडत असतं.

सुरुवात मिठापासून होते. मीठ कैरीच्या पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. यालाच लोणच्याला खार सुटणं म्हणतात. हा खार मोहरीच्या डाळीला भिजवतो. कुटलेल्या मोहरीत सिनिग्रिन नावाचं द्रव्य आणि त्याचं विघटन करणारं एक विकर असतं. पाणी मिळताच दोघांची गाठ पडते आणि मोहरीचा झणका तयार होतो. मोहरी फेसताना नाक झिणझिणतं ते यामुळेच. हा झणका काही जिवाणू आणि बुरशींनाही आवर घालतो. फोडणीचं तेल पूर्ण गार करूनच घालावं, या आजीच्या नियमामागेही शास्त्र आहे. कडकडीत तेलाने ते विकर निकामी होतं आणि कैरीची फोडही नरम पडते.

पुढचे काही आठवडे देवाणघेवाणीचे. मिरचीचा तिखटपणा आणि हळदीचा रंग तेलात उतरतो. मीठ फोडीच्या आतपर्यंत पोहोचतं, कैरीचं आम्ल खारात मिसळतं. मोहरीचा झणका हळूहळू ओसरतो. सगळ्या चवी एकमेकींत मिसळल्या की लोणचं मुरलं.

थांबल्याने चव सुधारते, हे जगभरच्या लोकांना ठाऊक आहे. पाश्चात्त्य देशांत घरी बिअर करणारे ती बाटलीत भरून काही आठवडे हात लावत नाहीत. ताज्या बिअरला कधी कच्च्या सफरचंदासारखा, कधी लोण्यासारखा वास येतो. बाटलीत उरलेलं यीस्ट ही वासाची द्रव्यं हळूहळू पचवून टाकतं आणि चव निवळते. आपल्या नाशिक जिल्ह्यातही फसफसणारी वाईन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवली जाते. कैरीच्या लोणच्याचं मात्र वेगळं आहे. जर्मनीत कोबी दोन-अडीच टक्के मिठात आंबवतात, तिथे आम्ल तयार करण्याचं काम जिवाणू करतात. कैरीत आम्ल मुळातच भरपूर असतं आणि मीठ त्याहून कितीतरी जास्त घातलं जातं. त्यामुळे इथे आंबण्याला फारसा वाव नसतो. लोणचं खाल्लं म्हणजे दह्यासारखे उपयुक्त जिवाणू पोटात गेले, हा समज म्हणूनच बरोबर नाही.

खरा पेच मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. लोणच्यात 12 ते 15 टक्के मीठ धरलं, तर 15 ग्रॅमच्या एका मोठ्या फोडीतून सुमारे 2 ग्रॅम मीठ पोटात जातं. दोन्ही वेळच्या जेवणात अशी एकेक फोड घेतली की दिवसाचा बहुतेक वाटा संपतो. भाजी, भाकरी, पापड यांतलं मीठ वेगळंच. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांसाठी ही बाब गंभीर आहे. सैंधव वापरून सुटका होत नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मग लोणच्यातच मीठ कमी घालावं का? हा उपाय अंगाशी येऊ शकतो. मीठ आणि आम्ल हेच बरणीचे राखणदार आहेत. बोट्युलिझम हा जीवघेणा आजार घडवणारा जिवाणू हवा नसलेल्या जागी वाढतो आणि तेलाखाली हवा नसते. पुरेसं आम्ल, म्हणजे 4.6 पेक्षा कमी सामू, किंवा सुमारे 10 टक्के मीठ त्याला रोखतं. कैरी आणि लिंबू स्वतःच आंबट असतात. लसणासारख्या आंबट नसलेल्या पदार्थाच्या लोणच्यात मात्र लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर हवं. नुसत्या तेलात लसूण घालून बाहेर ठेवणं धोक्याचं.

म्हणून मीठ लोणच्यातून कमी करण्यापेक्षा लोणचं ताटातून कमी करावं. बरणी काचेची किंवा चिनी मातीची आणि कोरडी असावी. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, कारण आम्लाने धातू लोणच्यात उतरतो. फोडी तेलाखाली बुडालेल्या राहाव्यात, चमचा कोरडा असावा. बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेलं खाऊ नये, कारण बुरशीची विषं खालीही पसरलेली असू शकतात. जीव कितीही हळहळला, तरी ती बरणी टाकून द्यावी.

नीट मुरलेल्या लोणच्याची नखाएवढी फोडही घासाला चव आणते. महिनाभर थांबायचं ते त्यासाठीच. वाढताना हात आखडता घेतला, तर रक्तदाब असलेल्यांनाही डॉक्टरांच्या सल्ल्याने ती चव अधूनमधून घेता येईल.