बोगद्याने जावे की घाटाने?

आमचे एक जुने सोबती एस. टी.त तीस वर्षे गाडी चालवून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा स्वित्झर्लंडमध्ये झुरिक येथे नोकरीस आहे. आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावून मोटारीने इटलीतील मिलान शहर दाखवावे, असा त्याचा बेत. झुरिक ते मिलान अंतर सुमारे २८० किलोमीटर. परंतु मध्ये आल्प्सची भिंत उभी. गॉटहार्ड नावाच्या जागी ती ओलांडण्यास दोन वाटा आहेत. एक डोंगराच्या पोटातून, दुसरी माथ्यावरून. मुलाने फोनवर विचारले, "तात्या, लवकर पोचायचे की डोंगर पाहायचे?" तात्यांनी उलट विचारले, "अरे, पण गाडी चालवणार कोण? तू एकटाच ना?"

हा उलट प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटतो. वाट निवडताना आपण नकाशा पाहतो, घड्याळ पाहतो, खर्च पाहतो. मात्र ज्याला राबावयाचे आहे त्याच्याकडे पाहत नाही. म्हणून ह्या एका उदाहरणावरून वाट कशी निवडावी, ह्याचा थोडा विचार करू.

प्रथम जलद वाट. गॉटहार्डचा मोटार-बोगदा ५ सप्टेंबर १९८० रोजी खुला झाला. लांबी जवळजवळ १७ किलोमीटर. उत्तरेस गोशेनन गावाशी आत शिरावे, दक्षिणेस ऐरोलो गावाशी बाहेर पडावे. वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर, म्हणजे रस्ता मोकळा असेल तर पाव तासाच्या आत डोंगर पार. बोगद्याचा वेगळा टोल नाही. महामार्गासाठी वर्षाला ४० फ्रँकचा परवाना घेतला की झाले. पण बोगदा एकच असून जाणारी व येणारी वाहने समोरासमोर धावतात. ईस्टरच्या आणि उन्हाळी सुटीच्या दिवसांत तोंडाशी दहा-दहा किलोमीटरांची रांग लागते. दहा किलोमीटरांची रांग म्हणजे दीड तासाहून अधिक खोळंबा. नकाशावर जी वाट जलद ती त्या दिवशी जलद असेलच असे नाही.

आता घाटाची वाट. गोशेननहून शोलेनेन नावाच्या अरुंद दरीतून आंडरमाट गावास चढावे लागते. ह्याच दरीत सैतानाचा पूल आहे. दंतकथा अशी की, हा पूल सैतानाने बांधला आणि पहिला जो जीव तो ओलांडील तो आपला, अशी अट घातली. गावकऱ्यांनी एक बोकड पुढे पाठविला! चिडून सैतानाने पूल फोडण्यास जो धोंडा आणला, तो म्हणून गोशेननला दाखवितात. हा सुमारे २२० टनांचा धोंडा नव्या महामार्गाच्या आड आला, तेव्हा १९७७ साली तो १२७ मीटर बाजूस सरकविण्यात आला.

आंडरमाटपुढे होस्पेन्टालवरून २,१०६ मीटर उंचीच्या खिंडीत पोचावयाचे. तेथून उतरण्यास पुन्हा दोन रस्ते आहेत. एक रुंद आणि नवा. दुसरा त्रेमोला दरीतला जुना, दगडी फरसबंदीचा, चोवीस नागमोडी वळणांचा. गॉटहार्डवरचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. आपल्या बोरघाटातला गाडीरस्ताही त्याच सालचा आहे, हे ऐकून पुणे-मुंबईकरांस मौज वाटेल. बोगद्याच्या पाव तासाऐवजी ह्या वाटेने पाऊण ते एक तास लागतो. थांबत गेल्यास दोन-तीनही. आणि साधारण नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत बर्फामुळे घाट बंद असतो. त्या काळात निवडीचा प्रश्नच उरत नाही.

घाटाचे नियमही ध्यानात ठेवावेत. वाहन उजव्या बाजूने चालवावयाचे. अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी, हा आपल्याकडचाच नियम. टपालखात्याची पिवळी बस घाटात तीन सुरांचा भोंगा वाजवीत येते. तिला मान द्यावा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, नाहीतर ब्रेक तापतात. हे शेवटचे तात्यांना कोणी सांगावयास नको होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. युरोपात मालमोटारीच्या चालकाला कायद्याने साडेचार तास गाडी चालविल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला सामान्यतः नऊ तासांपलीकडे चाक हाती धरता येत नाही. कारण थकलेला चालक स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो. परंतु घरच्या मोटारीत बसलेल्या मुलाला असा कोणताही कायदा लागू नाही. मागच्या आसनावरची मंडळी हिमशिखरे पाहतात, आणि तो वळणे मोजतो. सहल सगळ्यांची; पण त्या दिवशी कामावर असतो तो एकटाच. म्हणून कामगाराचा नियम घरच्या चालकालाही लावा, असे आमचे सांगणे. घाटाने जावयाचे असेल तर सकाळी, ताज्या डोळ्यांनी जावे, आणि खिंडीत त्याला तासभर मोकळा सोडावा. परतताना, थकलेल्या संध्याकाळी, बोगदा बरा.

बोगद्याचीही एक बाजू आहे. २४ ऑक्टोबर २००१ रोजी आत दोन मालमोटारींची टक्कर होऊन आग लागली व ११ माणसे मेली. शेजारी सुटकेची वेगळी वाट होती म्हणून पुष्कळ जण वाचले. तेव्हापासून मालमोटारी मोजून व अंतर राखून आत सोडतात. दुसरा बोगदा खोदण्यास २०१६ साली जनतेने कौल दिला, आणि २०२१ साली काम सुरू झाले. पण १९९४ च्या सार्वमताने आल्प्समधील महामार्गांची क्षमता वाढवू नये असे राज्यघटनेतच लिहिले गेले आहे. म्हणून दोन बोगदे झाले तरी प्रत्येकात वाहतुकीस एकच पट्टा उघडा राहावयाचा. घाई किती करावयाची, हे त्या लोकांनी मते देऊन ठरविले. ही गोष्ट आम्हांस फार आवडते.

कारण घाईची किंमत ह्या डोंगराने पूर्वी पाहिली आहे. मोटार-बोगद्याच्या शंभर वर्षे आधी येथे १५ किलोमीटरांचा रेल्वे-बोगदा खोदला गेला. काम १८७२ ते १८८२ चालले. कंत्राटदार लुई फाव्र ह्याने आठ वर्षांत काम पुरे करण्याचे कबूल केले होते. उशिराच्या दर दिवसामागे ५,००० फ्रँक दंड. त्या दंडाचा भार शेवटी कोणाच्या पाठीवर पडला असेल, हे गिरणगावातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. आत सुरुंगाचा धूर, असह्य उष्मा, गुडघाभर पाणी. कामगार बहुतेक इटलीचे. १८७५ च्या जुलैमध्ये त्यांनी गोशेननला संप केला. हवा चांगली द्या, मजुरी वाढवा, एवढेच मागणे. सशस्त्र पथकाने गोळ्या झाडल्या आणि चार कामगार ठार झाले. अपघातांत पावणेदोनशेहून अधिक मेले. कृमींच्या रोगाने रक्त आटून खंगले ते निराळेच. खुद्द फाव्रही १८७९ साली बोगद्यातच कोसळून मरण पावला. २०१६ साली खुल्या झालेल्या ५७ किलोमीटरांच्या नव्या रेल्वे-बोगद्याच्या कामातही नऊ जण गेले. नऊ आणि पावणेदोनशे ह्यांत जो फरक आहे तो यंत्रांनी केला, तसाच कायद्यांनी व संघटनांनीही केला.

घाटाने उतरले की ऐरोलो गाव लागते. तेथे स्थानकाजवळ व्हिन्चेन्झो वेला ह्या शिल्पकाराचे काम आहे. मृत सोबत्याला बाहेर आणणारे बोगद्याचे कामगार त्याने १८८२ साली घडविले, आणि कोणी सांगितले म्हणून नव्हे, आपण होऊन घडविले. ब्राँझमधील हे शिल्प १९३२ साली तेथे बसविण्यात आले.

तात्यांना आम्ही सांगितले, जाताना घाटाने जा. ऐरोलोला मुलाला चहा पाजा, आणि त्या शिल्पापुढे दोन मिनिटे उभे राहा. मग परतताना बोगद्यातून पाव तासात निघाल, तेव्हा तो पाव तास कोणी मिळवून दिला, हे तुम्हांला ठाऊक असेल.