कुपवाडचं व्याकरण

भाषासंपर्कावरचं जगातलं कुठलंही जाडजूड पाठ्यपुस्तक चाळलं, तर त्यात मराठी मुलखातलं एक गाव हमखास भेटतं. सारा थॉमसन आणि टेरेन्स कॉफमन यांच्या १९८८ सालच्या गाजलेल्या ग्रंथात ते आहे आणि त्यानंतरच्या कितीतरी पुस्तकांतही आहे. परदेशी लिखाणात त्याचं नाव ‘कुपवार’ असं पडलं. ते म्हणजे सांगली-मिरजेला खेटून असलेलं आपलं कुपवाड. आज सांगलीत कुपवाड म्हटलं की एमआयडीसी आठवते, नाहीतर १९९८ साली झालेली तिन्ही गावांची मिळून एक महापालिका. बर्कलेपासून लंडनपर्यंत भाषाविज्ञानाची पोरं परीक्षेला या गावाचं उदाहरण देतात, हे खुद्द सांगलीत फारसं कुणाला ठाऊक नाही. याची खंत वाटावी, इतकी ती गोष्ट मोठी आहे.

१९६८ च्या एप्रिलमध्ये जमैकातल्या मोना इथे एक परिषद भरली. विषय होता मिश्रभाषांचा. मळ्यांवर राबवलेल्या गुलामांमध्ये, बंदरांत, वसाहतींत भाषा एकमेकींत मिसळून नव्या कशा जन्मतात, यावर तिथे खल झाला. त्यातून निघालेला ग्रंथ डेल हाइम्स यांच्या संपादनाखाली १९७१ साली केंब्रिजने छापला. त्यात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा जेमतेम सतरा पानांचा एक लेख आहे. कॅरिबियन बेटांच्या गर्दीत अचानक कृष्णाकाठचं, तीन-एक हजार वस्तीचं शेतकरी गाव समोर येतं. इथे गुलामगिरी नव्हती, जहाजं नव्हती आणि कुणाची भाषा कुणी हिसकावून घेतलेली नव्हती. शतकानुशतकं एकाच शिवारात नांदणारी माणसं होती, एवढंच.

गंपर्झ यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. १९२२ साली जर्मनीत ज्यू कुटुंबात जन्म, नाझी राजवटीमुळे १९३९ मध्ये देश सोडावा लागला. अमेरिकेत आधी रसायनशास्त्राची पदवी घेतली, मग भाषेकडे वळले. मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बोलीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि पन्नाशीच्या दशकात सहारनपूर जिल्ह्यातल्या खलापूर गावी मुक्काम ठोकून जातीनुसार बोली कशी बदलते, ते नोंदवलं. भाषा कोशात न शोधता ओट्यावर आणि बांधावर ऐकायची, ही सवय त्यांना तिथेच लागली असावी.

कुपवाडात त्यांना चार भाषा सापडल्या. जैन शेतकरी आणि लिंगायत कारागीर घरी कन्नड बोलत, मुसलमान शेतकरी उर्दू. दलित आणि भूमिहीन मजुरांची मराठी, तर दोर वळणाऱ्या थोड्या कुटुंबांची तेलुगू. गावातल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाला दोन-तीन भाषा येत. इथवर सीमाभागातल्या वाचकाला नवल वाटण्यासारखं काही नाही. मिरज-जतकडे असं घर शोधावं लागत नाही.

खरं नवल त्यांच्या वाक्यांच्या तक्त्यांत आहे. पाला कापून आणल्याचं एक साधं वाक्य घ्या. कुपवाडी मराठीत त्याचे तुकडे पडतात: पाला, जरा, काप-ऊन, घे-ऊन, आ-लो. कुपवाडी उर्दूत: पाला, जरा, काट-के, ले-के, आ-या. कन्नडमध्येही तुकडे तितकेच, क्रम तोच. फक्त पाल्याचा शब्द आणि कापणं, घेणं, येणं यांचे धातू कन्नड. शब्दाखाली शब्द आणि प्रत्ययाखाली प्रत्यय ठेवत जावं, तर एकही खाना रिकामा राहत नाही. सांगाडा एक आणि त्यावर तीन वेगळाले पोशाख.

आता नदीचं पाहा. पुस्तकी उर्दूत नदी ‘आयी’, पुस्तकी मराठीत ‘आली’. कुपवाडात पूर आला की उर्दूत नदी ‘आया’ आणि मराठीत ‘नदी आलं’. कन्नडमध्ये लिंग ठरतं ते अर्थावरून: बाप्या माणूस पुल्लिंगी, बाई स्त्रीलिंगी, बाकी झाडून सगळं नपुंसक. नदी बाई नाही, तेव्हा तिला स्त्रीलिंग कशाला? कुपवाडच्या मराठीने आणि उर्दूने हा कन्नड न्याय मान्य केला. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच, म्हणून तिने निर्जीव वस्तूंना सरसकट पुल्लिंग लावलं. हा व्यवहार एकतर्फीही नव्हता. पुस्तकी कन्नडमध्ये ‘हे घर तुमचं’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं, क्रियापद लागत नाही. कुपवाडच्या कन्नडने मात्र शेवटी ‘आहे’ जोडायला सुरुवात केली, मराठी आणि उर्दूसारखी.

व्याकरण इतकं एक झालं, मग शब्द का नाही मिसळले? गंपर्झ-विल्सन यांचं उत्तर घराच्या उंबऱ्यापाशी येतं. शेतात, चावडीवर, बाजारात सगळ्यांचा सगळ्यांशी रोजचा संबंध, आणि तिथे बहुधा मराठी चाले. गावातल्या मातब्बर जमीनदार गटांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती, म्हणून ती कुणाला टोचत नव्हती. दिवसातून दहा वेळा भाषा बदलणाऱ्या माणसाला दर खेपेला वाक्याची घडण बदलणं जड जातं. घडण एक झाली की शब्द तेवढे बदलायचे. पण घरी परतल्यावर जैनाने जैन आणि मुसलमानाने मुसलमान राहायचं, रोटी-बेटीच्या भिंती जिथल्या तिथे. ती ओळख शब्दांनी सांभाळली. कुपवाडच्या सलोख्याचं कौतुक करताना या भिंती नजरेआड करता येत नाहीत. शब्द वेगळे राहिले, कारण माणसं वेगळी ठेवलेली होती.

हाइम्स यांच्या त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा मराठीच्या उगमावरचा लेख आहे, हा योग लक्षणीय आहे. एकूण मराठीच अशा आर्य-द्राविड संसर्गातून घडली असावी, असा त्यांचा तर्क. तो सर्वांनी मानला नाही, पण दोन्ही लेख पाठोपाठ वाचले की तो सहज झटकूनही टाकवत नाही.

आक्षेपाच्या जागाही आहेत. लेखकांनी कुपवाडची उर्दू ताडून पाहिली ती उत्तरेकडच्या प्रमाण हिंदी-उर्दूशी. वास्तविक तिची सख्खी बहीण दख्खनी, विजापूर-हैदराबादकडची. उत्तरेत कर्त्याला लागणारा ‘ने’ दख्खनीतही गळालेला आहे. मग कुपवाडात जे दिसतं त्यातलं नेमकं कुपवाडचं किती आणि सगळ्या दख्खनचं किती? मराठीलाही हाच प्रश्न लागू. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात बायका सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्याकडची मंडळी हसतात, पण कन्नडमध्ये ‘मी’चं क्रियापद बाई-पुरुष हा भेद पाहतच नाही. ही खूण एका गावाची नाही, सबंध मुलखाची आहे.

या गावाकडे पुन्हा वळल्या त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सोनल कुलकर्णी-जोशी. हे कॉलेज १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झालं, तेव्हापासून भाषाविज्ञान हा त्याचा कणा. सु. मं. कत्रे यांनी पाया घातला, अ. मा. घाटगे यांनी साठीच्या दशकात कुडाळी, वारली, कासरगोडची मराठी अशा बोलींवर एकामागून एक पुस्तकं केली. त्यांतली बहुतेक कोकण-किनारपट्टीची. घाटावरची ही सरहद्द तशीच राहून गेली. कुलकर्णी-जोशी यांचा कुपवाडवरचा लेख २०१६ चा. पहिल्या अभ्यासानंतरच्या चाळीस वर्षांत काय घडलं हे पाहत त्यांनी गंपर्झ-विल्सन यांच्या ‘शब्दास शब्द’ या सिद्धान्ताची चिकित्सा केली.

ती व्हायलाच हवी होती. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९५६ साली विजापूर, बेळगाव, धारवाड म्हैसूर राज्यात गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी दक्षिण साताऱ्याचं सांगली झालं. मातब्बरांपैकी कुणाचीच नसलेली मराठी आता राज्याची, शाळेची, नोकरीची भाषा झाली. तिचं वजन वाढलं की शेजारच्या भाषांशी असलेला समतोल ढळणारच. १९७१ सालचा तक्ता आजही तसाच लागू पडेल हे गृहीत धरणं म्हणजे गावाला काचेच्या कपाटात ठेवणं.

डेक्कन कॉलेजच्या भाषाविज्ञान विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने मराठी बोलींचं नवं सर्वेक्षण केलं आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या गावांत जाऊन लोकांना छोट्या चित्रफिती दाखवायच्या, काय दिसलं ते सांगायला लावायचं, वर त्यांच्याकडून गोष्टी ऐकायच्या आणि सगळं ध्वनिमुद्रित करून नकाशावर मांडायचं. नोंदी सर्वांना खुल्या आहेत. मराठीसाठी झालेल्या गेल्या काही वर्षांतल्या कामांत हे फार मोलाचं काम. सत्कार-समारंभांच्या धामधुमीत त्याची बातमी मात्र लहान होते.

गंपर्झ-विल्सन यांच्या लेखातलं बहुभाषकपण मुख्यतः पुरुषांचं आहे. उंबऱ्याआतल्या बायका कोणत्या घडणीत बोलत होत्या, हे त्यात फारसं येत नाही. आणि शब्द जपले गेले असतील तर ते तिथेच. कुपवाडच्या जुन्या गल्ल्यांत घरी कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या म्हाताऱ्या आज्या अजून असतील. सांगली-कोल्हापूरच्या महाविद्यालयांत मराठी, कन्नड, उर्दू शिकणारी मुलं आहेत, प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. त्या आज्यांच्या परवानगीने, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून ते बोलणं येत्या दोन-तीन वर्षांत टिपून घेतलं पाहिजे.