आपले निळूभाऊ

13 जुलै 2009 ला अभिनेते निळू फुले गेले. ते आमच्याच घरातले थोरले भाऊ होते, असं आजही वाटतं. महाराष्ट्रात त्यांना सगळे निळूभाऊच म्हणायचे. पडद्यावरच्या त्या जरबी पाटलाला लोकांनी असं घरचं नातं द्यावं, याचं मला फार अप्रूप आहे.

नट होण्याआधी ते पुण्यात माळीकाम करत, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात रमत. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झालं आणि 1968 च्या ‘एक गाव बारा भानगडी’ने पडदा मिळाला. पण खरा निळूभाऊ पाहायचा तर ‘सामना’ हा चित्रपट पाहा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची लेखणी, समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील आवाज चढवत नाही. खालच्या पट्टीत, शब्द चावत बोलतो, आणि आपल्याला घाम फुटतो!

लागूंशी त्यांची मैत्री पडद्याबाहेरही तितकीच घट्ट होती. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून दोघांनी सामाजिक कृतज्ञता निधी उभारायला हातभार लावला. त्यासाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगावी केले, तेही नामवंत नटसंचासह.

‘सामना’ पाहिला नसेल तर या रविवारी घरच्यांसोबत नक्की बघा.